स्कूटरवरून बाइककडे: शहरात रोज फिरायला छोटी बाइक घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षं स्कूटर चालवलेली माणसं बाइक घ्यायला निघाली की साधारण हेच प्रश्न पाठवतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न सीसीचा असतो. आमच्या मते त्याचा नंबर पाचवा, म्हणून इथे तो पाचवाच ठेवला आहे. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझी स्कूटर नीट चालतेय. तरी बाइक घ्यावी का?

रोजचं अंतर आणि रस्ता बघून ठरवा. एका वेळी दहा-बारा किलोमीटर जायचं असेल, वाटेत मोकळा रस्ता, उड्डाणपूल आणि भरपूर खड्डे असतील, तर बाइकचा फायदा पहिल्याच आठवड्यात कळतो. स्कूटरची चाकं बहुधा १० किंवा १२ इंचांची असतात, बाइकची १७ किंवा १८ इंचांची. लहान चाक ज्या खड्ड्यात पुरतं उतरतं, त्याच खड्ड्याच्या कडांवरून मोठं चाक निघून जातं. शिवाय स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला लागून असल्यामुळे बरंचसं वजन मागे असतं. बाइकचं इंजिन दोन चाकांच्या मधोमध बसतं, त्यामुळे पन्नास-साठच्या वेगात ती जास्त स्थिर वाटते.

उलट रोजची फेरी चार-पाच किलोमीटरची असेल, दर दोनशे मीटरवर सिग्नल असेल आणि पायाशी दोन पिशव्या ठरलेल्या असतील, तर स्कूटर बदलू नका. बाइकच खरी गाडी, असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या.

२. चालवताना नेमकं काय काय बदलतं?

उजव्या हाताचं काम तेच राहतं: एक्सलरेटर आणि पुढचा ब्रेक. बाकी सगळं बदलतं. स्कूटरवर डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो, बाइकवर तिथे क्लच येतो, म्हणजे इंजिन आणि चाक यांची जोडणी तोडणारा लिव्हर. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली जातो आणि गिअर डाव्या पायाखाली.

स्कूटरवर एक्सलरेटरची मूठ सोडली, ब्रेक लावला, गाडी थांबली आणि इंजिन आपलं चालूच. इंजिनाचे फेरे उतरले की तिचा सेंट्रिफ्युगल क्लच आपोआप सुटतो. बाइकवर हे काम तुमच्या डाव्या हाताचं आहे. विसरलात तर गाडी झटका देऊन बंद पडते.

आणखी एक बदल चालवायला लागल्यावरच जाणवतो. बाइकवर मूठ सोडली की गिअरमधलं इंजिन गाडीला मागे ओढतं. हे इंजिन ब्रेकिंग उतारावर फार उपयोगी पडतं. स्कूटरवर मात्र वेग अगदी कमी झाला की ती ओढ सुटते आणि गाडी नुसती घरंगळते. बाइकवर बसताना गुडघ्यांना टाकीचा आधारही मिळतो. स्कूटरची सवय असलेले पाय फाकवून बसतात आणि मग गाडी डगमगते अशी तक्रार करतात.

३. या वयात गिअर-क्लच जमेल का?

वयाची अडचण नाही. थोडा धीर आणि मोकळी जागा पुरेशी आहे. इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका. आता एक्सलरेटरला हात न लावता क्लच अगदी सावकाश सोडत जा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी पुढे सरकू बघते. क्लच धरतो ती जागा हीच. बोटं तिथेच थांबवा, गाडी हातभर पुढे गेली की क्लच परत दाबा. असं करत राहा, डोळे मिटून ती जागा सापडेपर्यंत. सपाट जमिनीवर बहुतेक छोट्या बाइक नुसत्या क्लचवर चालायला लागतात, त्यामुळे सुरुवातीला मूठ पिळायची गरजच नसते.

गिअर बदलणं त्यामानाने सोपं आहे. बहुतेक बाइकना पहिला गिअर खाली, बाकीचे वर आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये असतो. काही १००-११० सीसी गाड्यांचे सगळे गिअर एकाच दिशेने पडतात. घ्यायच्या गाडीची पद्धत कोणती, हे चालवून बघण्याआधीच विचारून घ्या.

४. घाईत ब्रेक मारताना डावा हात क्लच दाबतो. काय करावं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. स्कूटर चालवणारे बरेच जण रोज डाव्या हातानेच ब्रेक मारतात, उजव्याला जवळजवळ हात लावत नाहीत. बाइकवर समोर अचानक कोणी आलं की तोच डावा हात आवळला जातो. क्लच दाबला गेल्यामुळे इंजिनाची ओढही सुटते आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी धावत सुटते. मग घाबरून उजवा हात एकदम आवळला की पुढचं चाक लॉक होतं.

यावरची तयारी बाइक घेण्याआधीच सुरू करता येते. आजपासून स्कूटरवर प्रत्येक वेळी दोन्ही ब्रेक एकत्र वापरा आणि उजव्या हातावर जास्त भर द्या. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो, ही भीती एकदम ब्रेकचा लिव्हर आवळण्यामुळे बसलेली असते. सरळ रस्त्यावर, कोरड्या जमिनीवर, चेंडू दाबावा तसा दाब वाढवत नेला तर काही होत नाही. वळणात, वाळूवर आणि ओल्या पट्ट्यांवर मात्र हात हलका ठेवा.

बाइक आली की मोकळ्या जागी तीसच्या वेगाने जा आणि ठरलेल्या खुणेपाशी थांबा. क्रम असा: एक्सलरेटर बंद, उजवा हात आणि उजवा पाय एकत्र, आणि गाडी थांबायच्या अगदी आधी क्लच. शिकताना गाडी बंद पडली तरी चालेल, क्लच आधी दाबायचा नाही. हे विचार न करता होईपर्यंत गर्दीत जाऊ नका.

५. किती सीसीची घ्यावी?

फक्त शहरात, बहुतेक वेळ एकट्याने फिरायचं असेल तर १०० ते १२५ सीसी पुरते. रोज चढाचा रस्ता असेल, डबलसीट नेहमीचं असेल किंवा शहराबाहेरच्या वेगवान रस्त्याचा मोठा तुकडा असेल तर १५०-१६० सीसीचा विचार करा. त्यापुढची गाडी शहरात फक्त जड आणि गरम पडते. स्कूटरचं इंजिन सीटखाली झाकलेलं असतं आणि बहुधा पंख्याने थंड होतं, त्यामुळे पायांना झळ लागत नाही. बाइकचं इंजिन दोन पायांच्या मध्ये असतं. मोठ्या इंजिनाची धग सिग्नलला पोटऱ्यांना लागते.

आमचं मत स्पष्ट आहे: स्कूटरवरून येणाऱ्याने पहिली बाइक १२५ सीसीच्या आतबाहेरची घ्यावी आणि सीसीपेक्षा वजन, सीटची उंची आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारी ताकद या तीन गोष्टींकडे बघावं.

६. कॅटलॉगमधले आकडे कसे वाचायचे?

बीएचपी, म्हणजे इंजिनाची जास्तीत जास्त शक्ती, शेवटी बघा. आधी टॉर्कच्या (इंजिनाच्या पिळाच्या जोराच्या) ओळीत शेवटी लिहिलेला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बघा. एका गाडीचा पूर्ण टॉर्क ५५०० आरपीएमला मिळतो आणि दुसरीचा ८००० ला, तर गर्दीत पहिली सोपी जाते. तिला तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगानेही ढकलता येतं, दुसरी कुंथायला लागते आणि सारखा गिअर पाडावा लागतो. वजनाच्या रकान्यात कर्ब वेट बघा, म्हणजे ऑइल-पेट्रोलसकट वजन. नुसतं कोरडं वजन दिलं असेल तर प्रत्यक्षात गाडी दहा-बारा किलो जास्त भरते.

७. उंची कमी आहे, पाय टेकतील का?

छापलेल्या उंचीवर विसंबू नका. छोट्या बाइकची सीट साधारण ७८० ते ८०० मिलिमीटरवर असते, पण पाय टेकणं सीटच्या रुंदीवरही अवलंबून असतं. टाकीजवळ निमुळती होणारी ७९५ ची सीट रुंद ७८० पेक्षा सोपी जाऊ शकते. शिवाय तुम्ही बसल्यावर शॉकअब्सॉर्बर थोडे दबतात. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले किंवा एक पाय पूर्ण टेकला तरी पुरतं. बाइकवर थांबताना तसाही डावा पाय खाली आणि उजवा ब्रेकवर हवा.

अगदीच कमी पडत असेल तर सीटचा फोम कडेने छाटून घ्या. शॉकअब्सॉर्बर बदलून गाडी खाली आणली तर ती वळणात आणि गतिरोधकावर खाली घासते.

८. वजन पेलेल का?

११०-१२५ सीसी स्कूटर साधारण १०५ ते ११० किलोची असते. १०० सीसी बाइक त्याच्या आसपास, १२५ सीसी १२० ते १४०, आणि १६० सीसी १४० ते १५० किलो. चालताना हा फरक कळत नाही. पार्किंगमधून उलटी काढताना कळतो, कारण टाकी वर असते आणि वजन उंचावर येतं. बघायला जाल तेव्हा गाडी बंद ठेवून, खाली उतरून, दोन पावलं मागे ढकलून बघा.

९. गर्दीत सारखा क्लच दाबून हात दुखतो. यावर उपाय?

आधी क्लचच्या केबलला ऑइल द्या आणि लिव्हरचा खेळ तपासा. टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर सैल असावं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. त्यानंतर सवय बदला. सिग्नलला दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करा. गाडी पूर्ण थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही अशी तक्रार फार येते; चाकं फिरत असतानाच, थांबायच्या क्षणभर आधी, दुसऱ्यावरून हलका दाब दिला की तो पटकन लागतो.

रांगेत गाडीमागे गाडी चिकटवू नका. समोर थोडी जागा होऊ द्या आणि मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून सरका. तासन्‌तास हाफ क्लचवर चालवलं की क्लचप्लेट जळतात आणि हातही दुखतो. इतकं करूनही मनगट तक्रार करत असेल तर प्रश्न १९ बघा.

१०. ॲव्हरेज खरंच वाढतं का?

हो. स्कूटरचा पट्टा आणि पुली थोडी शक्ती खातात. बाइकच्या गिअर-चेनमध्ये ती कमी वाया जाते. तेवढ्याच सीसीची बाइक शांतपणे चालवली तर लिटरमागे सहज दहा-पंधरा किलोमीटर जास्त देते. टाकीही मोठी: स्कूटरची पाच-सहा लिटरची, बाइकची बहुधा नऊ ते बारा. मात्र प्रत्येक गिअर ताणून चालवलंत तर हा फरक उरत नाही.

११. एबीएस हवाच का? सीबीएस चालेल?

सीबीएस म्हणजे एक ब्रेक लावला की दुसराही थोडा लागतो. छोट्या बाइकवर तो बहुधा पायाच्या ब्रेकला जोडलेला असतो. प्रश्न ४ मधली सवय अजून मुरलेली नसेल तर त्याचा आधार होतो, पण चाक लॉक होणं तो थांबवत नाही. एबीएस ते थांबवतो. भारतात आणि युरोपात १२५ सीसीपुढच्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचा आहे. त्याखालच्या गाड्यांना बरीच वर्षं सीबीएसही चालत आला आहे. छोट्या गाड्यांत एबीएस अनेकदा फक्त पुढच्या चाकाला असतो. तेवढाही मिळत असेल तर रंग, अलॉय, ब्लूटूथ सोडा आणि तो घ्या.

१२. डिकी गेली, पिशव्या कुठे ठेवायच्या?

बाइकवर सामानाची सोय मुळातच नसते, हे मान्य करून घ्या. लॅपटॉपची बॅग पाठीवर जाते, बाकीच्यासाठी मागे बॉक्स किंवा बाजूला पेटी बसवावी लागते. मागच्या बॉक्सची वजनमर्यादा तीन ते पाच किलोच असते आणि ती पाळावी. मागच्या चाकाच्याही मागे वजन लटकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. हँडलला पिशवी अडकवणं तर नकोच, वळताना ती टाकीत अडकते.

१३. मागे बसणाऱ्याला स्कूटर बरी की बाइक?

चढताना-उतरताना स्कूटर. बसल्यावर बाइक, सीट सपाट आणि लांब असेल तर. मागची सीट उंच आणि चिंचोळी असलेल्या स्पोर्टी गाड्या रोजच्या डबलसीटसाठी घेऊ नका. मागे बसणाऱ्याला चालवून बघायच्या वेळीच बरोबर न्या.

१४. चेनची देखभाल किती कटकटीची असते?

स्कूटरचा पट्टा झाकलेला असतो, त्यामुळे हे काम नवं वाटतं. दर ५०० ते १००० किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच, चेन पुसून तिला चेनचं ऑइल द्यायचं. गाडी थोडी चालवून आणल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने द्या. चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूकडे जातं. चेनचा सैलपणा खालच्या बाजूला मधोमध मोजतात, छोट्या बाइकला तो बहुधा २० ते ३० मिलिमीटर असतो. नेमका आकडा पुस्तकात किंवा मागच्या फोर्कवरच्या स्टिकरवर मिळतो.

चाक हातानेच फिरवायचं, इंजिन बंद ठेवून. गाडी स्टँडवर लावून, गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसताना बोटं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, जातात. पूर्ण झाकलेल्या चेनची गाडी मिळाली तर हा त्रास बराच कमी होतो. ती दिसायला जुनाट असते, एवढंच.

१५. घरात स्कूटरचं ऑइल शिल्लक आहे, बाइकला चालेल का?

नाही. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, स्कूटरचा कोरडा असतो. म्हणून डब्यावर जासो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं ऑइल बाइकला लागतं. स्कूटरच्या ऑइलवर बहुधा जासो एमबी असतं. ते जास्त गुळगुळीत असल्यामुळे बाइकचा क्लच घसरायला लागतो. कारचं ऑइलही याच कारणाने टाळा.

१६. स्कूटरचा परवाना बाइकला चालतो का?

गृहीत धरू नका. भारतात गिअर नसलेल्या आणि गिअर असलेल्या दुचाकींचे वर्ग परवान्यावर वेगळे असतात. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली असेल तर ऑटोमॅटिकच चालवता येते. युरोपातला ए-१ वर्ग १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतच्या बाइकपुरता आहे. तुमच्या परवान्यावर काय लिहिलं आहे ते गाडी बुक करण्याआधी वाचा. वर्ग चुकीचा असेल तर अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते.

१७. टेस्ट राइडला काय बघू?

वेग बघू नका. माणूस चालतो त्या चालीने पन्नास पावलं सरळ जाऊन बघा. यू टर्न घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये वेग वीस-पंचवीसवर उतरवा आणि मूठ हळू पिळा. गाडी कुरकुर न करता उचलते का? एखाद्या खराब रस्त्यावरून न्या. आणि जमलं तर चढावर थांबवून परत निघा: उजव्या पायाने ब्रेक धरून ठेवायचा, क्लच धरायला लागला आणि इंजिनाचा आवाज बसला की मूठ थोडी पिळून मग ब्रेक सोडायचा. स्कूटरवर ही कसरत लागत नसल्यामुळे चढावरचा सिग्नल अनेकांना घाम फोडतो.

१८. पहिली बाइक जुनी घेतली तर?

चांगला विचार आहे. शिकताना ती एकदा तरी आडवी होतेच. बघताना स्प्रॉकेटचे दात पाहा. ते हुकासारखे वाकले असतील तर पूर्ण चेन-सेट बदलावा लागेल. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्यावर खट्‌कन अडकलं तर बेअरिंग गेलं. क्लच तपासायला वरच्या गिअरमध्ये कमी वेगात मूठ पिळा: आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लचप्लेट संपल्या आहेत.

१९. मोठी चाकं हवीत, पण क्लच नकोच. किंवा डाव्या हाताला त्रास आहे.

त्यासाठीच सेमी-ऑटोमॅटिक गाड्या आहेत. होंडाची सुपर कब १९५८ साली आली तीच अशी: १७ इंची चाकं, पायाने गिअर, पण क्लचचा लिव्हर नाही. २०१७ पर्यंत तिच्या दहा कोटींहून जास्त गाड्या तयार झाल्या, म्हणजे कल्पना काही आडवळणाची नाही. व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियात या जातीच्या गाड्या रस्तोरस्ती दिसतात. तुमच्याकडे मिळत नसतील तर १४ इंची किंवा त्याहून मोठ्या चाकांची स्कूटर, नाहीतर इलेक्ट्रिक बाइक बघा. बहुतेक इलेक्ट्रिक बाइकना क्लच-गिअर नसतात.

२०. डाव्या गुडघ्याचं दुखणं आहे. गिअर टाकता येतील?

टाच आणि चवडा दोन्हींनी दाबता येणारा लिव्हर असलेली गाडी बघा. तिच्यावर पायाचा पंजा खालून वर उचलावा लागत नाही, दाबायचंच काम राहतं. पण थांबताना वजन डाव्या पायावरच येतं, हे लक्षात घ्या. तेच सोसत नसेल तर हलकी स्कूटर सोडू नका.

२१. घरात स्कूटरही राहणार आहे. दोन्ही चालवल्या तर गोंधळ होईल?

सुरुवातीला होतो, आणि दोन्ही बाजूंनी. बाइकवर काय होतं ते प्रश्न ४ मध्ये आहे. स्कूटरवर उलटं: क्लच समजून डावा लिव्हर पूर्ण आवळला की मागचं चाक लॉक होऊन घसरतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे शक्य तर फक्त बाइक चालवा. त्यानंतर गाडी बदलली की निघण्याआधी जागेवरच दोन्ही लिव्हर एकेकदा दाबून बघा आणि पहिला ब्रेक फाटकाच्या आत, रिकाम्या जागी मारा. घरातल्या दुसऱ्या कोणी बाइक मागितली आणि त्या माणसाने फक्त स्कूटरच चालवली असेल, तर नुसती किल्ली देऊ नका, प्रश्न ३ आणि ४ त्याच्याकडून करून घ्या.

२२. बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू होते का?

स्कूटर होत नाही, बाइक होऊ शकते. इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला, वेग आला की क्लच पटकन सोडा आणि इंजिन लागताच परत दाबा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंपाला थोडा तरी करंट लागतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली असेल तर कितीही ढकला, ती चालू होणार नाही. किक असलेली गाडी मिळत असेल तर घेऊन ठेवा. किकच्या गाड्या दिवसेंदिवस कमी होत चालल्या आहेत.